आखाजी ते आखाजी

॥ श्री ॥

फैजपूर, ता. २१ सप्टेंबर १९३५

सौ. झुंबरअक्का यांना तोतारामचा नमस्कार.

तुमचे पत्र परवा पोचले. मी आणि पुष्पा ठीक आहोत. लोटनभाऊंचा गुडघा आता कसा आहे ते तुम्ही लिहिले नाही. पाऊस यंदा बेताचाच झाला, पण केळीला विहिरीचे पाणी आहे, त्यामुळे इकडे कोणी फारशी तक्रार करत नाही. शाळेत माझ्या वर्गांच्या पटावर एकसष्ट मुले आहेत. हिवतापामुळे त्यांतली पंधरा-वीस रोज घरीच असतात.

तुम्ही विचारले आहे की दिवाळीनंतर पुष्पाला धुळ्याला न्यायला येऊ, की मागच्यासारखे दारातूनच परत पाठवणार? अक्का, मी तुम्हाला परत पाठवले नव्हते. पण तुम्ही आल्या दिवशीच माघारी गेलात हे खरे, आणि तुमच्या मनगटावर पोरीचे दात उमटले होते हेही खरे. चार वर्षांच्या पोरीने सख्ख्या मावशीला चावावे, हे तिला कोणी शिकवले असा तुमचा प्रश्न आहे. मी शिकवले नाही. एवढेच आज लिहितो.

तुमची बहीण गेल्याला पाच महिने झाले. तेव्हापासून पुष्पा घरात बोलत नाही. सावद्याच्या डॉक्टरांना दाखवले. कान चांगले आहेत, जीभ चांगली आहे, असे ते म्हणाले. जेवते, झोपते, मी हाक मारली की येते. बोलत मात्र नाही. रोज शाळा सुटायच्या वेळेला ओट्यावर येऊन बसते आणि सावद्याच्या रस्त्याकडे बघते.

तिचे शिकणे मागे पडू नये म्हणून सकाळी अर्धा तास मी तिला पाटी देतो. 'ग' गिरवायला सांगितला की ती एक आडवी रेघ ओढते, रेघेखाली दोन गोल काढते आणि मान खाली घालून बसते. मी पुसून पुन्हा 'ग' काढून देतो. ती पुन्हा तेच काढते. मास्तराच्या मुलीला एक अक्षर येत नाही म्हणून गावात हसतात. हसू देत.

मी शाळेत असतो तेव्हा तिला भागाबाई सांभाळते. ही बाई आपल्याच बाजूची, साक्रीकडची. नवऱ्याबरोबर केळीच्या बागेत कामाला आली, नवरा वारला तरी इथेच राहिली. तिची बोली अजून आपल्या घरची आहे. तुमच्या बहिणीचे तिच्याशी चांगले जमत असे. ती पोरीला दिवसभर बागेत नेते. पोर संध्याकाळी चिखलाने भरून येते. तिथे तिला शिकण्यासारखे काही नाही हे मला कळते. दिवाळीपर्यंत दुसरी काही सोय बघतो.

तूर्त तुम्ही येण्याची घाई करू नये, अशी विनंती आहे.

तुमचा,
तोताराम


॥ श्री ॥

फैजपूर, ता. १८ ऑक्टोबर १९३५

सौ. झुंबरअक्का यांस नमस्कार.

पुष्पा बोलली. हे आधी लिहितो, बाकीचे नंतर.

कोजागरीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. शेजारच्या प्रमिलाबाईंकडे भुलाबाई बसवली होती. महिनाभर आळीतल्या पोरी रोज संध्याकाळी तिथे गाणी म्हणायला जात. पुष्पाही जाऊन कोपऱ्यात बसे. गाणी संपली की प्रमिलाबाई खाऊचा डबा आवाजावरून ओळखायला लावत. त्या दिवशी त्यांनी डबा हलवला, तर कोणालाच ओळखेना. फुटाणे म्हणून झाले, शेंगदाणे झाले, रेवड्या झाल्या. एक पोरगी म्हणाली, "प्रमिलामावशी, आज तुम्ही खडे घातले असतील, तुमचं काही सांगता येत नाही." सगळ्या हसल्या. मी पुष्पाला न्यायला दारात उभा होतो. ती उठली, डब्याला कान लावला, आणि सगळ्यांदेखत म्हणाली,

"डांगरना बिया."

डब्यात डांगराच्या भाजलेल्या बियाच होत्या. प्रमिलाबाईंनी तिला दोन मुठी जास्त दिल्या. मी तिला कडेवर घेऊन घरी आणले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भागाबाईला ही बातमी सांगितली. तिला काहीच नवल वाटले नाही. "बोलस ना. मनासंगे रोज बोलस," ती म्हणाली. "त्या बिया तिनीच वाळाड्यात, छपरावर."

मी म्हणालो, "मग माझ्याशी का बोलत नाही?"

"तुमी तिले कव्हय काय इचारतस मास्तर? तुमी ते परीक्षा लेतस."

अक्का, या बाईला अक्षरओळख नाही. मी पंधरा वर्षे शिकवतो आहे. मला राग आला आणि शाळेत दिवसभर माझे लक्ष लागले नाही. रविवारी शाळा नसते, तरी पुष्पा बागेत गेलीच. त्या दिवशी मी न सांगता बागेत गेलो आणि पाटाच्या कडेला बसून दोघींना बघितले.

सकाळी आधी कोंबड्यांना दाणे. मग पाणी. भागाबाई मोठ्या फावड्याने वाफ्याचे तोंड उघडते, पुष्पा तिच्या हातातल्या मोडक्या खुरप्याने शेजारी आपला वीतभर वाफा उघडते. वाफा भरला की ती ओरडते, "भरना!" आणि भागाबाई पाणी पुढच्या वाफ्यात घेते. पोरीची नजर एकदाही चुकली नाही. मग भाकरी. मग निंबाखाली झोप. उठल्यावर बिया निवडणे, चांगल्या एका बाजूला आणि पोकळ दुसऱ्या बाजूला. पोकळ बी ती कानाशी हलवून ओळखते. केळीच्या सोपटाची होडी करून पाटात सोडते आणि ती कुठे अडकली ते पाहायला धावते. कोणी तिला 'हे कर' म्हणत नाही. घड्याळ नाही, घंटा नाही, तरी दिवस शाळेपेक्षा नीट चालतो.

एक गोष्ट मला आवडली नाही, तीही लिहितो. साळुंकीचे एक पिल्लू झाडावरून पडून मेले होते. दोघींनी ते पाटाच्या कडेला पुरले होते, आणि आता पुष्पा रोज थोडी माती उकरून त्याचे काय झाले ते बघते. मी भागाबाईला म्हणालो, लहान पोरीला असले दाखवू नये. ती म्हणाली, "मी कोठे दाखाडं? तिले पाहनं शे. पाही पाहीसन ती थांबी." आणि खरेच, त्या दिवशी पुष्पाने पाहिले, माती लोटली आणि म्हणाली, "आते काहीच नही ऱ्हायनं." पुन्हा तिकडे गेली नाही.

तेव्हापासून मी पाटी उचलून ठेवली आहे. भागाबाई मला हसते. "पोर काय घाणाना बैल शे का मास्तर? एकच अक्षरभवती गोल गोल." शाळेतही बिगरीच्या मुलांना मी रोज एक तास चिंचोके देऊन अंगणात सोडतो. परवा तपासणीला साहेब आले होते. त्यांनी पाहिले आणि शेऱ्यात काहीच लिहिले नाही. याचा अर्थ बरा असावा.

आता जे लिहायचे टाळत होतो ते. पुष्पा पाटीवर जे काढत असे, रेघ आणि दोन गोल, ती बैलांची दमणी आहे. तुम्ही सावद्याच्या स्टेशनावरून आलात ती. हे मला भागाबाईने सांगितले. मी पाच महिने ती पुसत होतो.

आता पुष्पा माझ्याशीही बोलते. काल जेवताना तिने विचारले, "आबा, माय कव्हय येई?"

मी म्हणालो, "येईल."

तुम्ही दिवाळीला येऊ नका, अक्का. रागावू नका.

तुमचा,
तोताराम


॥ श्री ॥

फैजपूर, ता. २७ एप्रिल १९३६

सौ. झुंबरअक्का यांना तोतारामचा साष्टांग नमस्कार.

तुमच्या कार्डाला मी सहा महिने उत्तर दिले नाही. त्यावर एकच ओळ होती, 'पोरीला तुम्ही काय सांगून ठेवले आहे ते आधी कळवा.' आज कळवतो.

गेल्या वर्षी तुमची बहीण गेली त्या सकाळी आम्ही पुष्पाला प्रमिलाबाईंकडे पाठवले होते. दुपारी नदीवरून परत आलो तेव्हा ती दारात उभी होती. माय कुठे, म्हणाली. तुमचे अक्षय्य तृतीयेचे बोलावणे आठच दिवसांपूर्वी आले होते. ताप येण्याआधी माहेरी नेण्याचे गाठोडेही बांधून झाले होते. मी म्हणालो, "आखाजीला माहेरी गेली." घरात दहा बायका होत्या. सर्वांनी ऐकले आणि माना डोलावल्या. त्या दिवसांत आपल्या मुलखात कोणत्याही बाईबद्दल हे उत्तर खरेच वाटते. पोरीलाही वाटले. "कधी येईल?" "आखाजी झाली की." ते गाठोडे घरात दिसायला नको म्हणून मी दुसऱ्या दिवशी शाळेच्या कपाटात नकाशांच्या मागे ठेवले. आळीत सर्वांना ताकीद दिली. एका पोरीने खरे सांगितले तर पुष्पाने तिच्या तोंडावर माती फेकली.

मग आखाजी झाली, आणि तुमची दमणी आली. पुष्पा धावत गेली. तुम्हाला वाटले तुमच्याकडे आली. ती दमणीत चढली, बसायची घोंगडी उचलली, गवत उपसून पाहिले. आत कोणी नव्हते. मी तुम्हाला दारातच सांगितले होते की पोरीसमोर रडू नका. तुम्ही माझे ऐकलेत. तुम्ही हसून तिला जवळ घेतलेत. तिला काय दिसले असेल ते आता सांगतो. मावशीने माय ठेवून घेतली आणि वर हसत आली. म्हणून ती चावली.

तुम्ही म्हणालात, मी पोरीचे कान भरले. मला तेव्हाच सांगता आले असते. मी गप्प बसलो, कारण तुमची गैरसमजूत मला सोयीची होती. तुम्ही रागावून गेलात, आणि मला पोरीला काही सांगावे लागले नाही.

पुढे वाटले, लहान आहे, विसरेल. पण ती विसरण्याऐवजी शिकत होती.

भागाबाईबरोबर तिने कापूस वेचणीला आलेला पाहिला, तेव्हा दिवाळी आली. दादर ज्वारीचा हुरडा भाजला, मग थंडी गेली. मग दादर खळ्यावर आली. मग होळी. मग निंबाला फुलोरा आला, मग कैऱ्या. चौथीच्या मुलांकडून मी बारा महिने पाठ करून घेतो. नावे घडाघडा म्हणतात, पण कशानंतर काय येते ते विचारले की एकमेकांकडे बघतात. पुष्पाला महिन्याचे एकही नाव येत नाही, पण क्रम सगळा येतो. गेल्या आठवड्यात ती शाळेच्या दाराशी आली, पाड लागलेला आंबा दाखवला आणि म्हणाली, "आबा, आते आखाजी. मोठा झोका बांधा, दोन जनीस्ले."

वर्षाचे चक्र तिने स्वतः पुरे केले होते. आई आखाजीला गेली, आखाजी आली, आता आई येणार. यात चूक काढायला जागा नव्हती. चूक माझी होती.

आखाजीच्या आदल्या दिवशी भागाबाई अंगणात उभी राहिली. बसा म्हटले तर बसली नाही.

"मास्तर, घागर भरशात ना? पहिली आखाजी शे."

मी म्हणालो, गेलेल्या माणसाच्या नावाने भरायची ती घागर मी शाळेच्या ओसरीवर भरीन, पोरीला दिसणार नाही अशी.

"घागर काय चोरीन भरतस?" ती म्हणाली. "मी तिले खेळाडं, फिराडं. पन खोटं माले सांगता येवाव नही. उद्या ती रस्तावर जाई बसी. उद्या काय सांगशात, पुढली आखाजी?"

खरोखर तेच माझ्या मनात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणातच घागर मांडली. प्रमिलाबाईंनी सांजोऱ्या दिल्या होत्या. वर लहान मडके, त्यावर आंबा ठेवला. पुष्पा भागाबाईच्या घरून आली. तिकडे तिने घागर भरताना पाहिले होते, भागाबाईच्या नवऱ्याची. आल्या आल्या तिने विचारले,

"ही कोनी?"

मी आपल्या बोलीत सांगितले. घरात तिने ही बोली बोलू नये म्हणून मीच पूर्वी दोघींना टोकत असे. त्या दिवशी दुसरे शब्द सुचले नाहीत.

"तुनी मायनी."

"माय ते धुळाले गयी."

"नही गयी. मी खोटं सांगं. तिले ताप उना आनि ती मरी गयी."

ती घागरीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "साळुंकीसारखी?"

"हा."

"मातीमा शे?"

"नही. नदीवर जाळं तिले."

"तिले चटका बसना का?"

"नही. मरी गयावर चटका बसत नही."

"मंग मावशीकडे नव्हती?"

"कव्हयच नव्हती."

"मंग मी तिले काब्र चावनू?"

मी म्हणालो, तुझी चूक नाही, माझी आहे. तिने मान डोलावली. तिला पटलेले दिसले. मग तिने तांब्या मागितला. पाणी तिनेच ओतले, काठाला लागेपर्यंत, आणि नेमके तिथे थांबली.

घागरीशी ती रडली नाही. दुपारी झोक्यावर रडली, मोठ्याने, दोन जणींच्या झोक्यावर एकटी बसून. मी झोका थांबवला आणि तिला खाली घेतले. वर्षभरात मी कोणासमोर रडलो नव्हतो, तोही रडलो. तिने माझे तोंड दोन्ही हातांनी धरून पाहिले. नंतर आम्ही दोघे जेवलो. ती दोन आंबे खाऊन झोपली, ती दिवेलागणीपर्यंत उठली नाही. ओट्यावर गेली नाही. त्या दिवसापासून गेलेली नाही.

मला वाटले होते की हे सांगितले तर पोर मोडून पडेल. तसे काही झाले नाही. घर हलके झाले आहे. आळीतले लोक आता आमच्या दारात मोकळे बोलतात, त्यांनाही वर्षभर जपून बोलावे लागत होते. गाठोडे मी शाळेतून घरी आणले. पुष्पाने सोडून एकेक लुगडे पाहिले, त्यातले हिरवे स्वतःला गुंडाळून अंगणभर फिरली. भागाबाई म्हणाली, "ये व माय, मोठी सासुरवाशीन दिसस." ती खूप हसली.

पुष्पा माझ्याजवळ राहील, अक्का. हे मी विचारत नाही, सांगतो. सकाळ तिची बागेत जाईल. अजून तिला एक अक्षर येत नाही आणि मला त्याची काळजी वाटत नाही. मागेल तेव्हा पाटी देईन. पण तुम्ही या. केव्हाही या, आणि आल्यावर रडू आले तर रडा. मी पुन्हा तुम्हाला तसे काही सांगणार नाही. मी तुमच्याकडून जे करवले त्याबद्दल माफी मागतो.

आणखी एक गोष्ट. काल तिने विचारले, "मायनं नाव काय?" पाच वर्षांच्या मुलीला आईचे नाव ठाऊक नव्हते. कसे असणार? आपल्यात नवरा बायकोचे नाव घेत नाही. लग्नातल्या उखाण्यानंतर मी ते कधी उच्चारले नव्हते, ती गेल्यावरही नाही. या पत्रांतही मी 'तुमची बहीण' असेच लिहीत आलो.

मी म्हणालो, "भिकू."

तिला ते फार आवडले. दिवसभर भिकू, भिकू करत होती, कोंबड्यांनाही सांगून झाले. मग माझ्याकडे आली आणि विचारले, "भिकू धाकली व्हती तवय काय खेळे?"

अक्का, मी नऊ वर्षे संसार केला आणि मला हे माहीत नाही. मी कधी विचारले नाही. तुम्ही दोघी एका अंगणात वाढलात. भिकू लहानपणी काय खेळायची, झाडावर चढायची का, कशाला भ्यायची, कोणाशी भांडायची, हे आता सांगू शकेल असे तुमच्याशिवाय कोणी राहिले नाही. मी पुष्पाला सांगितले आहे की ते मावशीला माहीत आहे. हे मात्र खरे सांगितले आहे.

या, आणि तिला सांगा. मीही ऐकत बसेन.

भिकूचा,
तोताराम